औषधाच्या बाटलीआधी माशाच्या फिनची (पराची) कड बघायला लावणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

फोनवर तुम्हाला दोन-तीनदा थँक्यू म्हणून झालंय, पण ते सगळं घाईतलं. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्या इतरांच्याही हे कामी यावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात.

माझ्या टाकीतल्या तीन बंगाई कार्डिनल माशांपैकी धाकट्याची शेपूट फाटलेली दिसली, तेव्हा ज्याला विचारावं तो एकेका बाटलीचं नाव सांगत होता. कुणी अँटिबायोटिक म्हणे, कुणी कॉपर (तांब्याचं औषध), एकाने तर ‘दोन्ही थोडं थोडं’ असाही तोडगा काढला. तुम्ही मात्र आधी फोटो मागितलात, आणि तो बघून लगेच दुसरा मागितलात. ‘खोलीतला दिवा बंद करा, टाकीचा चालू ठेवा. मोबाइल काचेला टेकवा आणि मासा आडवा आला की मगच काढा. मला रंग नकोय, कड हवीय.’

ती कड कशी वाचायची हे तुम्ही ज्या धीराने समजावलंत, त्याचे आभार आधी मानतो. फिन म्हणजे काड्या आणि त्यांच्यामधला पातळ पडदा. चाव्याने किंवा खडकावर घासून इजा झाली, तर छत्रीचं कापड फाटावं आणि काड्या शाबूत राहाव्यात तसं दिसतं. कधी तुकडाच गायब असतो, पण उरलेली कड स्वच्छ असते. जिवाणूंनी कुजायला लागलेली फिन वेगळी असते. तिची कड दुधाळ आणि झिजलेली दिसते, कधी लालसर रेघही असते, आणि ती कूज दिवसागणिक बुडाकडे सरकत जाते. आमच्या धाकट्याची कड तेव्हा स्वच्छ होती. ‘मग हे औषधाचं काम नाही, पोलिसाचं आहे,’ असं तुम्ही म्हणालात आणि तेवढ्या काळजीतही मला हसू आलं.

पाणी तपासायला तरीही लावलंत, आणि बरं केलंत. बिघाड पाण्यात असता तर एकाच माशावर दिसला नसता, हा तुमचा मुद्दा पटला होता. पण अमोनियाने फिनच्या कडा भाजतात, म्हणून खात्री हवीच. क्षारतेचं (खारेपणाचं) मोजमाप, म्हणजे पाण्याची सापेक्ष घनता, १.०२५, तापमान २६ अंश, नायट्राइट शून्य. अमोनिया तपासायच्या नळीचा फोटो बघून तुम्ही विचारलंत, ‘हे पिवळं आहे की पिवळ्यात हिरवट झाक? झाक असेल तर ते शून्य नाही.’ नळी पांढऱ्या कागदावर धरून, उजेडात नेऊन पुन्हा बघितली. पिवळंच होतं.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो दुसऱ्या कुणालाच सुचला नव्हता: ‘तिघांपैकी खात कोण नाहीये?’ फाटक्या शेपटीचा व्यवस्थित खात होता. खात नव्हता तो थोरला, त्यामुळे मला वाटलं दुसराही आजारी पडला. तुम्ही त्याच्या जबड्याचा फोटो मागवलात. खालचा भाग चांगलाच फुगलेला होता. बंगाईचा नर अंडी तोंडात धरतो, आणि ती सांभाळेपर्यंत उपाशी राहतो. म्हणजे जोडी जमली होती. हे मासे समुद्रात लांब काट्यांच्या सी अर्चिनच्या आसपास घोळक्याने राहतात, पण टाकीत जोडी जमली की उरलेल्याला ती हाकलत सुटते. ‘टाकीपासून लांब बसून बघा,’ हेही तुमचंच. काचेजवळ माणूस आला की सगळे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि भांडणं थांबतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलो, तर थोड्याच वेळात मादी लाइव्ह रॉकमागून (टाकीतल्या जिवाणू वसलेल्या खडकामागून) सरळ धाकट्याच्या शेपटीवर आली.

त्याला बाहेर काढेपर्यंत खालच्या फिनची कड दुधाळ व्हायला लागली होती. तेव्हा मात्र तुम्हीच अँटिबायोटिक सांगितलंत, पण मुख्य टाकीत टाकायला साफ मनाई केलीत. तिथे ते अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकतं. कॉपर तर परजीवींसाठी असतं, या दुखण्यावर त्याचा काही उपयोग नाही. उलट कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात आणि खडक ते शोषून घेतो. त्यामुळे वेगळी हॉस्पिटल टाकी लावली: वाळू नाही, खडक नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) मुरलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू वसलेला, स्पंज फिल्टर. अॅक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) काढून ठेवला, नाहीतर औषध तोच खाऊन टाकतो. डोस विचारला तर म्हणालात, ‘टाकीचं माप नको, पाण्याचं सांगा.’ लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि हजाराने भागायचं, म्हणजे लिटर मिळतात. टाकीवरच्या लेबलवरचा आकडा याहून बराच मोठा होता! रोज अमोनिया तपासणं, तेवढ्याच क्षारतेच्या आणि तापमानाच्या पाण्याने बदल, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच औषध पुन्हा घालणं, हे सगळं कंटाळवाणं होतं, पण तुम्ही त्यात सूट दिली नाहीत.

एकदा रात्री उशिरा तुम्हाला मेसेज केला होता, की कड पुन्हा फिकी दिसतेय. तुम्ही लिहिलंत, ‘माशामागे काळा कागद धरा.’ कुजलेली कड काळ्यावरही पांढरीच दिसते, नव्याने आलेली फिन पारदर्शक असते, तिच्यातून मागचा काळा दिसतो. दिसला. रंग आणि ठिपके त्यानंतर हळूहळू भरले. शेपटीच्या वरच्या टोकाची एक काडी बुडाशी तुटली होती, ती वाकडी वाढली आणि तशीच राहणार. तुम्ही तशी कल्पना आधीच देऊन ठेवली होती, म्हणून वाईट वाटलं नाही.

क्लाउनफिशच्या फिनवर खडबडीत पांढरी गाठ आली होती, तीही आता गेली. लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार, त्यावर औषध नाही, चांगलं खाऊ घाला आणि त्याला त्रास देऊ नका, इतकंच तुम्ही सांगितलं होतं. ते शब्दशः खरं ठरलं.

धाकटा आता दुसऱ्या टाकीत आहे. त्याला जोडीकडे परत नेणार नाही. नराने पिल्लं सोडली आणि सध्या ती ताजा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) खातायत. थोडी मोठी झाली की त्यातली काही तुमच्यासाठी ठेवतो. किती हवीत तेवढं कळवा.