पहिल्या नोकरीनिमित्त एका वाचक मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गोदामातील साठ्याच्या नोंदी ठेवणारी कनिष्ठ सहायक म्हणून माझा परिवीक्षा काळ संपला असून नोकरीत कायम केल्याचे पत्र नुकतेच हाती आले आहे. ही बातमी मी आपल्याला तोंडी सांगितली आहेच. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आपण जे शिकवले ते पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या इतरांच्याही कामी येईल, आणि आभार नेमके कशाबद्दल हे न सांगता मानले तर ते उपचारापुरतेच राहतात.

आपण मला नोकरी लावून दिली नाही आणि माझ्यासाठी कोणाकडे शब्दही टाकला नाही. हे मुद्दाम नमूद करते, कारण माझ्या ओळखीतल्या अनेकांचा तसाच समज आहे.

खरे तर आपली ओळख तरी केवढी होती? मी ग्रंथालयात विनावेतन काम करत होते आणि आपण पुस्तके बदलण्यासाठी येत होता. नोकरी शोधताना माझा सारा भर घरच्यांवर आणि मैत्रिणींवर होता. पण त्यांना ठाऊक असलेल्या जागा बहुधा मलाही आधीच ठाऊक असत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाबद्दल मी प्रथम आपल्याकडूनच ऐकले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले होते की, जागेची माहिती देणारी व्यक्ती त्या काळात तुम्हाला कितपत भेटत असे. वारंवार भेटणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण सुमारे १७ टक्केच निघाले, अधूनमधून भेटणाऱ्यांचे सुमारे ५६ टक्के होते आणि उरलेल्या व्यक्ती तर क्वचितच भेटणाऱ्या होत्या. ते ऐकल्यावरच, जुजबी ओळखीच्या माणसांशी कामाविषयी बोलण्याचा माझा संकोच गेला. अशा माणसांकडे नोकरी मागू नये, त्यांचे काम कसे चालते ते विचारावे, ही आपली सूचना मी तंतोतंत पाळली.

मात्र सर्वांत मोठे ऋण आहे ते जाहिरात वाचायला शिकवल्याचे. नवोदितांसाठी म्हणून निघालेल्या जागेला दोन वर्षांचा अनुभव मागितलेला पाहून मी चिडत असे, आणि ती मागणी मला आजही असमंजसच वाटते. आपण त्या चिडण्याला विरोध केला नाहीत. भरती करणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर काय दिसते एवढेच समजावून सांगितलेत. हा माणूस वेळेवर येईल का, अडले तर विचारेल का, चूक लपवेल की कळवेल, आणि शिकवण्यात कित्येक आठवडे घालवल्यावर लगेच सोडून तर जाणार नाही ना, या शंका त्याच्या मनात असतात. आधी कोणीतरी याला कामावर ठेवून घेतले होते एवढ्यावरून तो त्यांचे अंदाजे उत्तर काढतो. ज्याच्यापाशी तो आधार नाही, त्याने त्याच शंकांना दुसरा पुरावा द्यावा, असे आपले म्हणणे होते.

मग आपण माझा अर्ज ओळीओळीने वाचलात. ‘ग्रंथालयात मदत केली’ या वाक्यावर आपण विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देता देता तेथे पुढील मजकूर आला: दाखल नोंदवहीतील क्रमांकांशी कपाटांतील पुस्तके पडताळली आणि गहाळ, चुकीच्या जागी ठेवलेल्या व बांधणीला गेलेल्या पुस्तकांच्या स्वतंत्र याद्या तयार केल्या. गोदामातील साठा पडताळणी याहून फारशी वेगळी नसते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलेच नव्हते. लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झा यांच्यासाठी लिहिलेल्या अर्जवजा पत्राचा दाखलाही आपण दिला होता. त्यात पूल, तोफा, वेढ्याच्या वेळी लागणारी साधने असे त्या राज्यकर्त्याला हवे असलेले सगळे आधी येते आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी. लिओनार्दोशी माझी तुलना हास्यास्पद आहे, पण अर्जाचा क्रम वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरतो हे त्यामुळे पक्के लक्षात राहिले.

दोन रकान्यांची नक्षीदार मांडणी काढून आपण अर्ज एका पानाचा आणि साध्या मांडणीचा करवून घेतलात, कारण अर्ज छाननीच्या काही संगणक प्रणाली अशा रकान्यांतील मजकूर उलटसुलट वाचतात. जागा मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्या एका मध्यस्थापासूनही आपणच मला वेळीच सावध केलेत; आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये हेच मूळ तत्त्व मानले आहे, हेही तेव्हाच समजले.

मुलाखतीच्या सरावात आपण कठोर होता. प्रसंग कोणता, माझ्यावर जबाबदारी काय होती, मी काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या क्रमाने प्रत्येक उत्तर द्यायला लावत होता, आणि ‘आम्ही केले’ असे म्हटले की ‘त्यातले तुम्ही काय केले?’ असे विचारून थांबवत होता. प्रत्यक्ष मुलाखतीत साठा व्यवस्थापनाच्या त्यांच्या प्रणालीबद्दल विचारणा झाली. ती मी वापरलेली नाही, पण ग्रंथालयाच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये ठेवल्या आहेत, आणि दोन नोंदी जुळल्या नाहीत तर आधी मूळ कागद पाहते, असे मी सांगितले. त्यानंतरचे बहुतेक प्रश्न न जुळणाऱ्या नोंदींविषयीच निघाले, आणि त्यांची उत्तरे माझ्यापाशी होती.

एका बाबतीत मात्र मी आपले ऐकले नाही. शब्दकोडी सोडवण्याच्या छंदाची ओळ आपण खोडायला सांगितली होती, ती मी अर्जात तशीच ठेवली. मुलाखतीत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, त्यामुळे आपल्या दोघींपैकी बरोबर कोण हे अजून ठरायचेच आहे.

पहिल्या पगारातून काही द्यावे म्हटले तर आपण साफ नकार दिलात. तेव्हा या पत्राचा तरी स्वीकार करावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
ग्रंथालयातील पूर्वीची स्वयंसेविका