पथ्रोटच्या टेशनासाठी रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अचलपूर तालुक्यातल्या पथ्रोटचा. आमच्या गावाला टेशन आहे, गाडी नाही.

मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाणारी ही अडीच फुटी अरुंद लाइन म्हणजे आमची शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी टाकली. इथल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबईला जायच्या आणि तिथून बोटीने मँचेस्टरला. मँचेस्टरलाच १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं. पुढे देशातली रेल्वे सरकारची झाली, हे रूळ मात्र कंपनीचेच राहिले. गाडी सरकारची, माणसं सरकारची आणि रूळ दुसऱ्याचे. मग त्यांच्या दुरुस्तीवर जीव टाकून खर्च कोण करणार? माझ्या मते शकुंतला थकली ती इथेच.

आमच्या टेशनावर तिकीटबाबू नसे. गाडी थांबली की गार्डच खाली उतरायचा, तिकिटं द्यायचा आणि पुन्हा आपल्या डब्यात चढायचा. माझी आजी अंजनगावच्या बाजाराला निघायची. डोक्यावर टोपली, एका हाताने लुगड्याचा सोगा धरलेला. ती वावराच्या धुऱ्यावरून येताना दिसली की गार्ड हिरवी झेंडी काखेतच ठेवायचा. "या माय, या," म्हणायचा. आजी चढली की मगच शिट्टी.

गाडी बंद पडली. २०१६ साली रुंदीकरणासाठी सुमारे १,५०० कोटींची घोषणा झाली, तेव्हा गावाला वाटलं, आता झालंच. आज रुळांत बाभळी माजल्या आहेत.

साहेब, मोठी लाइन जरूर टाका, आम्हाला ती हवीच आहे. पण नकाशा आखताना फक्त मूर्तिजापूर आणि अचलपूर एवढीच दोन टोकं पाहू नका. पथ्रोटसारख्या मधल्या गावांचे थांबे कायम ठेवा. ही गाडी त्यांच्याच बळावर शंभर वर्षं चालली. आणि जुने रूळ भंगारात काढण्याआधी त्यातला एक तुकडा, एक सिग्नल इथेच, टेशनाच्या जागेवर राहू द्या.

मोजणीला माणसं पाठवाल तेव्हा आमची म्हातारी मंडळी सोबत चालतील. गाडी कुठे वळायची, कुठे हळू व्हायची, सगळं त्यांना पाठ आहे. फक्त ती आहेत तोवर पाठवा.

आपला,
पथ्रोटचा एक रहिवासी