गामा आला आणि आशिया हरला?

वास्को द गामा कालिकतला उतरला आणि आशियाचे दिवस फिरले, हे शाळेत घोकलेले समीकरण फारच सोपे आहे. १४९८ मध्ये त्याने तिथल्या राजासाठी, म्हणजे झामोरिनसाठी, आणलेल्या टोप्या, हात धुण्याची भांडी, तेल आणि मध पाहून तिथले अधिकारी चक्क हसले होते! पुढेही युरोपकडे इथे खपण्याजोगे फारसे काही नव्हतेच. अमेरिकेतल्या खाणींची चांदी मोजून ते आपले कापड घेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, हेही विसरू नये. पारडे खरे झुकले ते १७६५ मध्ये. बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, मिळताच ईस्ट इंडिया कंपनी रयतेच्याच साऱ्यातून रयतेचाच माल घेऊ लागली आणि विलायतेची चांदी आटली.

– एक वाचक, ठाणे