तू बघत होतीस

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची स्केचबुक पोचली. पत्र लगेच वाचलं. वही उघडायला जरा वेळ घेतला, ते तू समजून घेशील.

तू लिहिलंयस, ‘बाबांना धाप लागली होती आणि माझ्या डोक्यात चाललं होतं की नखांचा हा निळसर रंग कशाने येईल. आई, मी कसली मुलगी गं?’ याचं उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण फोनवर आपण दोघी एकमेकींना सांभाळण्यातच वेळ घालवतो आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

हे तुझ्या एकटीच्याच बाबतीत झालेलं नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याची बायको कामिय १८७९ च्या सप्टेंबरात गेली, ३२ वर्षांची होती. तिच्या मृत्युशय्येवरचं तिचं चित्र त्याने काढलं. ते आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. जांभळट-करड्या फटकाऱ्यांत बुडत चाललेला चेहरा, बाकी काही धड दिसतच नाही. खूप वर्षांनी त्याने आपले मित्र क्लेमांसो, म्हणजे फ्रान्सचे एके काळचे पंतप्रधान, यांना सांगितलं की इतक्या प्रिय चेहऱ्याकडे बघताना आपण नकळत रंगांच्या छटा शोधत होतो. निळी, पिवळी, करडी. जात्याला जुंपलेलं जनावर फिरत राहावं तसे आपले डोळे सवयीने कामाला लागले, माझी कीव करा, असं तो म्हणाला.

मला काही त्याची कीव येत नाही. तुझीही नाही.

त्या खोलीत आम्ही सगळे कुठे बघत होतो ते आठव. काका मशीनवरच्या आकड्यांकडे. आत्या खिडकीबाहेर. मी सलाइनच्या थेंबांकडे, जसं काही मी बघितलं नाही तर ते पडायचेच थांबतील. बाबांच्या चेहऱ्याकडे सलग बघायची हिंमत कुणाचीच होत नव्हती. तू बघत होतीस. रंग शोधत का होईना, पण त्यांच्याकडेच बघत होतीस. त्यांनाही ते कळत असावं असं मला वाटतं. दोनदा-तीनदा त्यांनी मान तुझ्या बाजूला वळवली होती.

आता वहीबद्दल. त्यांच्या डाव्या हाताचं जे चित्र आहे ना, पालथा हात, मनगटाला चिकटपट्टी, त्यात अंगठ्याच्या नखावर तू एक उभी खाच काढली आहेस. तू तान्ही होतीस तेव्हा गाडीच्या दारात त्यांचा अंगठा सापडला होता. नख काळं पडून गळून गेलं आणि नवीन आलं ते ती खाच घेऊनच. मी ती पार विसरले होते गं. तो हात इतकी वर्षं हातात घेतला, शेवटीसुद्धा धरून बसले होते, तरी विसरले होते. नंतर मी सगळे फोटो काढून बसले. एकाही फोटोत खाच नाही. फोटोत ते हसतायत, नाहीतर हात खिशात. ती फक्त तुझ्या चित्रात आहे. रात्री मी चष्मा लावून ते पान बघत बसले, आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं ते नुसतं दुःखाचं नव्हतं.

लोक तुला सांगत असतील, ‘चित्रं काढ, मन हलकं होईल.’ मलाही सांगतात, ‘कशात तरी मन रमव.’ माणसं चांगली आहेत, पण मन हलकं वगैरे काही होत नाही, आणि ते व्हावं अशी अपेक्षा ठेवून कागदासमोर बसलीस तर उलट वैताग येईल. मला वाटतं एवढंच होत असावं, की पेन्सिल हातात असते तोवर मनाला एक बारीकसं काम मिळतं. ही रेघ इथेच वळते की थोडी पुढे जाऊन? सावली अजून गडद हवी का? दुःख तिथेच असतं, फक्त तेवढा वेळ अंगावर येत नाही. तेवढा वेळ पुष्कळ झाला.

मला रेघ ओढता येत नाही हे तुला माहीतच आहे. मी ऐकते. सुरुवातीला लोकांनी मोबाइलवर पाठवलेली भजनं लावून बघितली, पण ती मला फार लवकर समजूत घालायला लागतात. मग एकदा संध्याकाळी मारवा राग लावला. त्यात पंचम नाहीच आणि षड्‌जावर गाणारा येतो-येतो म्हणता येत नाही, कोमल रिषभापाशीच घोटाळत राहतो. घरी परतायचंय आणि दार सापडत नाही, तशी ती तगमग असते. ऐकून बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण माझ्या जिवाची जी अवस्था आहे ती कुणीतरी आधीच सुरांत नीट मांडून ठेवली आहे, हे कळलं. आता दिवेलागणीला तोच लावते. शेजारच्या वहिनींना वाटतं मी स्वतःला त्रास करून घेतेय. वाटू दे.

मावशीचं मात्र ऐकू नकोस. वर्षश्राद्धाच्या आत या चित्रांचं प्रदर्शन कर म्हणते. जर्मन शिल्पकार केटे कोल्विट्झचं तू शिकत असताना मला सांगितलं होतंस, आता मीच तुला सांगते. १९१४ च्या ऑक्टोबरात तिचा धाकटा मुलगा पेटर बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला, १८ वर्षांचा. सैन्यात जायला वडील परवानगी देत नव्हते, त्यांचं मन तिनेच वळवलं होतं. त्याच डिसेंबरात तिने स्मारक मनात योजलं. मधोमध आडवा पेटर, डोक्याशी वडील, पायाशी आई. १९१९ मध्ये तिने ते काम सोडून दिलं, काही वर्षांनी पुन्हा हाती घेतलं, आणि शिल्पं दफनभूमीत उभी राहिली ती १९३२ मध्ये. अठरा वर्षं, म्हणजे पोराचं जेवढं आयुष्य तेवढीच. आणि शेवटी त्यात पेटर नाहीच. नुसते गुडघे टेकलेले आई-बाप. वडील ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलेले. आई पुढे वाकलेली. दोघांचे चौथरे वेगवेगळे.

त्या वेगळ्या चौथऱ्यांचा मी सध्या फार विचार करते. एकाच माणसासाठी रडताना आपण दोघी एकीसारखं रडत नाही, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. तू काढतेस, मी ऐकते. तुला त्यांच्याबद्दल बोलायचं नसतं, मला सारखं बोलायचं असतं. तेव्हा मी फोनवर त्यांचा विषय काढला की ‘आई, आज नको’ असं सरळ म्हणत जा. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी चालेल.

काही पानं तू फाडलेली दिसतात, शिलाईजवळ कडा उरल्या आहेत. फाड खुशाल. नॉर्वेचा चित्रकार मुंक, त्याने गेलेल्या बहिणीचं चित्र काढताना रंग लावला, खरवडला, पुन्हा लावला. ते ओरखडे अजून दिसतात म्हणे. आणि तेच चित्र त्याने ४० वर्षांत एकूण सहा वेळा रंगवलं. तुझ्यावर कुणाची घाई नाही. काही महिने ब्रश हातातच धरावासा वाटला नाही तर नको धरूस.

वही माझ्याकडेच ठेवू का, की परत हवी, ते कळव. हवी असेल तर पोस्टाने पाठवायची माझी छाती नाही, तू येशील तेव्हा घेऊन जा.

आणि एक. बाजूने काढलेल्या चेहऱ्यात कान तू फारच नाजूक काढला आहेस. ते प्रेमापोटी असेल, पण त्यांचे कान चांगले सुपाएवढे होते आणि त्यावरून मी त्यांना जन्मभर चिडवलंय. तेवढे मोठे कर.

तुझी,
आई