रुग्णालयातील त्या ताईंचे आभार

माझ्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया रात्री तातडीने करावी लागली, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर मी एकटीच होते आणि प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. स्वतःचा मुलगा आत असूनही शेजारच्या बाकावरील एक ताई जवळ आल्या, त्यांनी थर्मासमधला चहा दिला आणि पिशवीतून जीर्ण पवित्र शास्त्र (बायबल) काढले. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून काडीला दोरा बांधलेला आपला चष्मा मला देऊन, परमेश्वराची आशा धरणाऱ्यांना हिंमत धरायला सांगणारे 31 व्या स्तोत्राचे 24 वे वचन त्यांनी मलाच वाचायला लावले. त्यांनी वाचून दाखवले असते तर एवढा धीर आला नसता.

ताई, आपले नाव विचारायचे राहून गेले. यजमान आता हिंडूफिरू लागले आहेत. आपल्या मुलासाठी आम्ही दोघे रोज प्रार्थना करतो. आपले मनःपूर्वक आभार.