एरर मेसेज लिहिणाऱ्या अनोळखी मंडळींस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

‘एफडिस्क’, ‘पार्टेड’, ‘रिसाइझटूएफएस’, ‘माउंट’ ही लिनक्समधली डिस्कची हत्यारं घडवणारे तुम्ही, आणि ती अडली की स्क्रीनवर काय उमटावं हे ठरवणारेही तुम्हीच. सर्व्हरच्या डिस्क सांभाळणारे आम्ही सगळे तुमच्या त्या दोन-चार ओळींवर निभावून नेतो, म्हणून हे जाहीर आभार.

पहिले आभार ‘नथिंग टू डू’चे. व्हर्च्युअल डिस्क ५० जीबीची १०० जीबी केली, लगेच फाइलसिस्टिम (डिस्कवरची फायलींची मांडणी) वाढवणारं ‘रिसाइझटूएफएस’ चालवलं, की हे उत्तर येतं. नवख्याला वाटतं कमांडच बिघडली. तुम्ही मात्र दुखणं नेमकं सांगितलेलं असतं. डिस्क वाढली, तिच्यातलं पार्टिशन, म्हणजे आखून दिलेला भाग, होतं तेवढंच राहिलं. ‘एलएसबीएलके’ने दोन्हींचे आकडे पाहायचे, आधी ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन वाढवायचं, मग फाइलसिस्टिम. ‘ग्रोपार्ट’ला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये स्पेस लागते, जोडून लिहिलं की ते हटून बसतं. ते ‘नोचेंज’ म्हणालं, तर बहुधा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्कचा नवा आकार कळलेला नसतो, नाहीतर त्या पार्टिशनला खेटून दुसरं बसलेलं असतं. पहिल्यावर रीस्कॅनचा उपाय आहे. दुसऱ्यावर सोपा उपाय नाही.

रूट (सिस्टिमची मुख्य फाइलसिस्टिम) काठोकाठ भरलेला असेल तर गंमतच. जागा वाढवणारं ‘ग्रोपार्ट’ स्वतःच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून थांबतं, कारण त्याला ‘टीएमपी’त तात्पुरती डिरेक्टरी करायची असते. तुमच्या त्याच ओळीत ‘टीएमपी’चा पत्ता छापलेला असतो, म्हणून वाट सापडते. ‘टीएमपी’वर १० एमबीचं टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टिम) माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, पार्टिशन वाढवायचं, मग ते अनमाउंट करायचं.

‘बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक’ वाचून भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. पण डिस्क वाढवताना हा मेसेज आला तर डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. एक्सएफएस या वेगळ्या फाइलसिस्टिमवर किंवा एलव्हीएमच्या (डिस्कची जागा एकत्र करून वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) फिजिकल व्हॉल्यूमवर ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचं हत्यार, म्हणजे ‘रिसाइझटूएफएस’, चालवलेलं असतं, इतकंच. ‘एलएसबीएलके’ला ‘-एफ’ लावून प्रकार बघावा. एक्सएफएस निघालं तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ वापरावं आणि त्याला माउंट पॉइंट (फाइलसिस्टिम जिथे जोडली आहे ती डिरेक्टरी) द्यावा. घाबरून नवी कोरी फाइलसिस्टिम घालणारं ‘एमकेएफएस’ चालवलं तर मात्र खरंच रडायची वेळ येते.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ या ओळीखाली तुम्ही जी पुस्ती जोडता, तिच्यासाठी वेगळे आभार. नवा पार्टिशन टेबल (पार्टिशनांची यादी) डिस्कवर लिहून झालेला असतो. त्या डिस्कवरचं एखादं पार्टिशन वापरात असल्यामुळे कर्नल जुनाच टेबल धरून असतो. पुन्हा लिहायची गरज नाही, ‘पार्टप्रोब’ किंवा ‘पार्टएक्स -यू’ पुरतं. हे सगळं खालच्याच ओळीत असतं, आणि लोक वरची ओळ वाचून सर्व्हर रीबूट करतात!

‘पार्टेड’मधला ‘फिक्स की इग्नोर’ हा प्रश्नही उगाच विचारलेला नाही. जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की ती मधेच राहते, ‘फिक्स’ म्हटलं की नव्या टोकाला जाते. एमबीआर या जुन्या पद्धतीत ही सोय नाही. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २ टीबीपाशी कुंपण. आणि ‘एफस्टॅब’ (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) बदलल्यावर, रीबूट करण्याआधी, ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ चुकीचा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) दाखवून देतं. त्या एका कमांडने किती सर्व्हर इमर्जन्सी मोडपासून वाचले असतील!

आभाराच्या पत्रात गाऱ्हाणं शोभत नाही, तरी दोन गोष्टी सांगतोच. अनमाउंट करताना येणाऱ्या ‘टार्गेट इज बिझी’च्या खाली पूर्वी, डिस्क कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ आणि ‘फ्यूझर’ यांची नावं यायची, ती परत आणा. तसंच आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले तरी ‘नो स्पेस लेफ्ट’ हेच शब्द येतात. ‘डीएफ -एच’मध्ये निम्मी डिस्क रिकामी दिसते आणि माणूस चक्रावतो. ‘डीएफ -आय’ बघ, एवढं जरी कुठे कानात सांगता आलं तर पाहा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सर्व्हरच्या डिस्क सांभाळणारे