शा.शि.चा तास गणिताला देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नात यंदा दहावीत गेली. जूनमध्ये तिने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलेले वेळापत्रक मला दाखवले. त्यात शा.शि.चे, म्हणजे शारीरिक शिक्षणाचे, दोन तास होते, पण त्यांच्यावर पेन्सिलीने 'गणित' आणि 'विज्ञान' असे लिहिलेले होते. विचारले तर म्हणाली, "आजोबा, ते तास नावालाच असतात. पहिल्याच दिवशी सांगितलं आम्हाला."

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत 31 वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. दिवाळीची सुट्टी संपली की माझे तासही असेच जायचे. पोर्शन राहिलाय, पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय, असे कुणीतरी सांगत यायचे आणि मी तास देऊन टाकायचो. भांडायला हवे होते, तेव्हा भांडलो नाही. ती खंत मनात आहे, म्हणून हे पत्र.

तास मागणाऱ्या शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. त्यांना मनापासून वाटते की डोके वर्गात घडते आणि मैदानावर फक्त अंग घामेजते. मी माझ्या डोळ्यांनी जे पाहिले, ते याच्या अगदी उलट आहे.

पुरलेल्या मल्लखांबाचे उदाहरण घेतो. जमिनीवर साधारण साडेआठ फूट उंचीचा, वर निमुळता होत जाणारा लाकडी खांब. वर मान, तिच्यावर बोंड. धरायला ना कडी, ना खाच. एरंडेल तेल चोळलेल्या या लाकडाला मुलाने नुसत्या हातांनी आणि मांड्यांनी धरायचे. सुरुवातीला शिकतात ती साधी अढी. हातांनी खांब कवटाळायचा, पाय वर फेकायचे, मांड्यांची पकड बसली की डोके खाली आणि पाय वर. पहिल्यांदा उलटे झालेले मूल श्वास रोखून धरते. श्वास रोखला की अंग ताठरते आणि पकड सुटते. 'लक्ष दे' असे मला कधी ओरडावे लागले नाही, कारण लक्ष हलले की खांबच ते सांगायचा. आठ-दहा दिवसांत मुलाला उमगते की आधी श्वास सोडायचा, मग पाय फेकायचे. भीती वाटत असतानाही नीट विचार करता येतो, हे त्याला तिथे अंगातून कळते. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर याहून वेगळे काय लागते?

आमच्या वर्गातली एक मुलगी दोरीच्या मल्लखांबावर, म्हणजे वरून टांगलेल्या दोरावर, दोन हात वर गेली की रडायची. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर पकडायचा, तर तिथली कातडी सोलून निघायची, तेही एक कारण होतेच. मी सगळ्या मुलांना एक वही घालायला लावली होती. सरावानंतर पाच मिनिटे शांत पडायचे, मग दोन ओळी लिहायच्या की आज कुठे अडलो आणि का. तिने एकदा लिहिले, "खाली बघितलं की हात विसरतात." स्वतःची अडचण इतक्या नेमक्या शब्दांत मांडणारी मुलगी मी निबंधाच्या तासालाही पाहिली नव्हती. पुढच्या महिन्यात ती वरपर्यंत गेली. तो अख्खा महिना मी तिला एकच सांगत होतो की खाली बघू नकोस, हातांकडे बघ.

मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना खांब दिसत नाही त्या मुलांना तो स्पर्शाने आणि श्वासाने शिकता येत असेल, तर डोळस मुलांना आपण त्यापासून का तोडतो?

ही समज आपल्याकडे नवी नाही. माझ्याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिथल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि स्वतः ते रोज घातले. स्वामी कुवलयानंदांचे मला जास्त अप्रूप वाटते. बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात कसलेले हे गृहस्थ पुढे अमळनेरला शिक्षक होते. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी तपासले. आखाडा, वर्ग आणि प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणी एकच माणूस वावरत होता. आज यातली कुठलीही दोन ठिकाणे आपण एका छताखाली येऊ देत नाही.

उलट टोकाचीही काळजी वाटते. आमच्या गावात जिमला जाणारी पोरे गणपतीपर्यंत दंड फुगवायच्या घाईत असतात. डब्यातली पावडर खातात आणि रात्री एकपर्यंत मोबाईल बघतात. तालमीतला वस्ताद जोर-बैठकांइतकाच झोपेचा, खुराकाचा आणि बोलण्या-वागण्याचा हिशेब ठेवायचा. कुस्तीच्या हौद्यात उतरण्याआधी मातीला हात लावून नमस्कार करायचा, हाही त्या शिक्षणाचा भाग होता. अंग कमावणे आणि स्वतःला आवरणे हे तिथे एकाच वेळी शिकवले जायचे. नुसत्या यंत्रांपुढे ते कोण शिकवणार?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. आमच्याकडे 35 मिनिटांचे दोन तास, म्हणजे आठवड्याला 70 मिनिटे. एका दिवसाची गरज आठवडाभर पुरवायची, आणि तीही दहावीत काढून घ्यायची. 21 जूनला मात्र चटया टाकून सगळ्या शाळेचा फोटो निघतो. त्या दिवसाला माझा विरोध नाही, पण उरलेल्या दिवसांचे काय?

मैदान नाही, ही अडचण खरी आहे. शहरातल्या कित्येक शाळांना साधे अंगणही नाही. पण दोरीच्या मल्लखांबाला एक भक्कम तुळई, जाड गादी आणि जाणकार शिक्षक पुरतो. सूर्यनमस्काराला एका माणसाच्या लांबीची जागा लागते. शिक्षण विभागाने दहावीच्या वर्गांचे शा.शि.चे तास प्रत्यक्ष होतात का, हे पाहावे. मुख्याध्यापकांनी ते तास दुसऱ्या विषयाला देऊ नयेत. आणि पालकांनी, ज्यांत माझा मुलगाही आहे, पालकसभेत मार्कांबरोबर हाही प्रश्न विचारावा. तो विचारीन म्हणालाय.

आमच्या शाळेने नवी इमारत बांधताना जुना मल्लखांब काढून टाकला, तो मी घरी आणला. शिसवी आहे, आजही सरळ आहे. मी त्याला तेल लावत असतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला तो हवा असेल तर मी स्वखर्चाने आणून पुरून देईन आणि तब्येत साथ देईल तोवर आठवड्यातून चार सकाळी येऊन शिकवीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
जि. सातारा